तिसऱ्या ताऱ्यावरची रेघ

ह्वे शहरातल्या सरकारी दवाखान्यात
दुसऱ्या तपासणीला बोलावलेल्यांची यादी
दर मंगळवारी भिंतीला चिकटते.
नावाच्या जागी तारे,
पुढे चिठ्ठीचा नंबर, खोली, वेळ.
झाकणारा प्रोग्राम खुएचा. चारच ओळी:
ए ते झेडमधलं जे दिसेल, त्यावर तारा ठेव.
चाचणीला तिनं नाव घेतलं होतं लान.
तीन अक्षरं. डोक्यावर काही नाही, पायाशी काही नाही.
तीन तारे आले. ती जेवायला गेली.

पण तिथली अक्षरं डोक्यावर ओझं घेऊन चालतात.
एक खूण धारदार, एक लोंबती,
एक प्रश्न विचारणारी, एक अडखळून पडणारी,
एक जड, अक्षराच्या पायाशी टिंब होऊन बसलेली.
खूण हलली की आईचं भूत होतं,
भुताचं थडगं, थडग्याचं भाताचं रोप.
आणि नोंदणीच्या जुन्या यंत्रानं
अक्षर वेगळं, खूण वेगळी साठवलेली.
म्हणजे आपण 'की'मधला क पुसावा
आणि वेलांटी तशीच राहावी,
कपडे काढल्यावर दोरीवर विसरलेल्या चिमट्यासारखी.
प्रोग्रामनं अक्षरं झाकली. खुणा त्याला दिसल्याच नाहीत.
त्या गपचूप ताऱ्यांवर जाऊन बसल्या.

ख्वातनं चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या.
न्हावी, शिंपी, शेवयांचं दुकान, थडगी.
आधी रुंद कुंचल्यानं अक्षरं, ती वाळली की
बारीक कुंचल्यानं खुणा.
"गिऱ्हाईक पैसे देतं अक्षरांचे,
भांडतं खुणांवरून."
मोतीबिंदूचा डोळा भिंतीजवळ नेऊन
त्यानं यादीवर बोट ठेवलं.
पाच तारे. तिसऱ्यावर लोंबती रेघ.
"क्वीन्ह," तो म्हणाला, मोठ्यानं,
कमी ऐकू येणाऱ्यांच्या त्या निष्पाप आवाजात.
"खोली सात. होडीवाल्या थुआनची ना ही?"

खोली सात कशाची, ते व्हरांड्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

क्वीन्ह म्हणजे रात्री उमलणारं ते फूल,
आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो
आणि शेजाऱ्यांना उठवून दाखवतो.
तिसऱ्या खुर्चीवरच्या मुलीनं
हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळला
आणि पाळी यायच्या आत निघून गेली.
खुए प्रिंटरची शाई बदलत होती.
तिचे हात निळे होते. ते तिला रात्रीपर्यंत दिसत राहिले.

रात्री तिनं आधी बाइट मोजले.
नाव मधोमध चिरलं गेलं,
स्क्रीनवर काळा चौकोन, पोटात प्रश्नचिन्ह.
मग तिनं सगळ्या नावांना एकाच रूपात आणलं,
अक्षर आणि त्याची खूण एकत्र उचलली,
तान्हं मूल दुपट्यासकट उचलावं तशी.
प्रत्येक उचललेल्यावर एक तारा.
तरी ते पाच होतेच. पाच म्हणजे क्वीन्ह,
किंवा त्वेत, किंवा गल्लीतली आणखी दोन घरं.
मोजूनही माणूस सापडतो.
शेवटी तिनं ठरवलं, सगळ्यांना आठ.
राजघराण्याच्या लांबलचक नावाला आठ, लानला आठ.
चाचणीला या वेळी वडिलांचं नाव घातलं,
जे तीन वर्षांत तिनं कुठेच टाईप केलं नव्हतं.
आठ तारे आले.
ती थोडा वेळ तशीच बसली.

पुढल्या मंगळवारी ख्वातनं डोळा जवळ नेला,
बोट वरून खाली, खालून वर फिरवलं.
"हे कुणी रंगवलं?
माझा एक पोरगा असंच काम करायचा.
सफाईदार. काही म्हणून वाचता यायचं नाही."

खोली सातची दारं चार वेळा उघडली.
साडेनऊच्या चिठ्ठीला कुणी उठलं नाही.
खुएनं काचेआडून यादी पाहिली,
पुन्हा पाहिली,
एका लोंबत्या रेघेसाठी सगळे तारे चाळले.
ती आली होती की नाही,
तिला कळायला आता काही मार्ग नव्हता.